मसाज की प्रार्थना?

लेखाचं नाव वाचून ज्यांच्या भुवया वर गेल्या असतील त्यांनी त्या तिथेच धराव्यात, खुलासा पुढे येतोय. त्याआधी एक कबुली.

कॉम्प्युटर ब्रँचला असूनही थर्ड इयरपर्यंत मी ज्याला 'डिज्क्स्ट्रा' म्हणत होतो, त्या माणसाला त्या नावाने हाक मारली असती तर त्याने वळूनही बघितलं नसतं. स्पेलिंग मात्र कधी चुकलं नाही, कारण आय, जे, के ही आपली तीन लाडकी लूप व्हेरिएबल्स त्या नावात ओळीने उभी आहेत! उच्चारांचं म्हणाल तर आमच्या वर्गात तीन प्रकार होते आणि चौथा म्हणजे 'तो शॉर्टेस्ट पाथवाला'. खरा उच्चार साधारण 'डेइक्स्ट्रा'. आय आणि जे हे डचमध्ये मिळून एकच स्वर होतात. 'डेइक' म्हणजे समुद्र अडवणारा बांध आणि 'स्ट्रा' ही फ्रिजियन आडनावांची शेपटी, आपल्या 'कर'सारखी. म्हणजे हे गृहस्थ मराठीत जन्मले असते तर 'बांधकर' झाले असते. नाव कुठे तोडायचं ते कळलं आणि इतकी वर्षं अडखळणारी जीभ एकदम सरळ झाली.

हे मला कॉलेजात नाही कळलं. ताईमुळे कळलं.

ताई २०२१ पासून नेदरलँड्समध्ये, आइंडहोव्हनला असते. दाजींची नोकरी तिथे. भाचा तेव्हा अगदीच लहान होता. त्या देशात रात्री किंवा शनिवार-रविवारी कुणी आजारी पडलं तर आपल्यासारखं रिक्षा पकडून थेट हॉस्पिटल गाठायचं नसतं. आधी एका ठिकाणी फोन करायचा आणि ते सांगतील तसं जायचं. त्या ठिकाणाचं नाव एक सलग, लांबलचक शब्द आहे. 'हाउस' म्हणजे घर, 'आर्ट्स' म्हणजे डॉक्टर, त्याचं अनेकवचन 'आर्ट्सन', आणि 'पोस्ट' म्हणजे ठाणं. घरच्या डॉक्टरांचं ठाणं. मध्ये जागा नाही, रेघ नाही, काही नाही.

एका रात्री दाजी परगावी आणि पोराला ताप एकशे तीनच्या वर. ताई घाबरली आणि खालच्या मजल्यावरच्या आजोबांचं दार वाजवून तिने हे ठिकाण विचारलं. हा शब्द तिने पत्रकांवर दहा वेळा वाचला होता, पण कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. तिने तो आपण वाचतो तसा वाचला. म्हणजे व्यंजन पुढच्या स्वराला चिकटवून: 'हाउ-सार्ट-सेन-पोस्ट'. आजोबांना कळेना. 'सार्ट?' तिने पुन्हा म्हटलं. पुन्हा 'सार्ट?' तिसऱ्यांदाही तेच झाल्यावर तिने मोबाईलवर शब्द काढून समोर धरला. तेव्हा आजोबा म्हणाले, "आह! हाउस-आर्ट्सन-पोस्ट!" आणि स्वतःच फोन लावला.

पोरगं दोन दिवसांत पळायला लागलं. पण दुसऱ्या दिवशी ताई व्हिडिओ कॉलवर रडवेली होऊन म्हणाली, "अरे, मला शब्द येत होता रे. तो कुठे तोडायचा तेवढं येत नव्हतं."

एक 'स'. फक्त एक 'स' इकडचा तिकडे गेला होता.

तेव्हापासून मी या भानगडीच्या मागे लागलो. आता तुम्ही म्हणाल, डच भाषेत शब्द कसे तोडतात याच्याशी आपल्याला काय करायचंय? कॅन्टीनमध्ये मला हाच प्रश्न सगळ्यांनी विचारला. फायनल व्हायवाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनीही विचारला, फक्त त्यांच्या सुरात कटिंगची वाफ नव्हती. त्यांच्याकडे नंतर येतो.

डचमध्ये अक्षरगटाला, म्हणजे एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्याला, 'लेटरखेप' असा काहीसा शब्द आहे. (त्यातला 'ख' घसा खरवडून काढायचा आणि त्याला एक 'र' जोडायचा: 'लेटर-ख्रेप'. देवनागरीतले माझे सगळे उच्चार असे जवळपासचेच आहेत, जाणकारांनी क्षमा करावी.) हा शब्दही जोडशब्दच. 'लेटर' म्हणजे अक्षर आणि 'ख्रेप' म्हणजे पकड, मूठ. अक्षरांची मूठ! मला हे फार आवडलं.

साध्या शब्दाच्या मुठी कशा करायच्या याचे नियम सोपे आहेत, सबमिशनच्या आदल्या रात्रीसुद्धा समजतील. दोन स्वरांमध्ये एक व्यंजन असेल तर ते पुढच्या मुठीत जातं. दोन असतील तर एक मागे, एक पुढे. आणि डचचं सगळं स्पेलिंग या मुठींवर उभं आहे. 'मान' म्हणजे चंद्र, त्यात ए दोनदा लिहितात. पण अनेकवचन 'मा-नन' करताना ए एकदाच लिहितात, कारण मूठ उघडी राहिली, स्वराला पसरायला जागा मिळाली. उलट 'मन' म्हणजे पुरुष. त्याचं 'मन्-नन' करताना एन दोनदा लिहायचा, म्हणजे मूठ बंद राहते आणि स्वर आखूड राहतो. किती साफ काम आहे! स्वर लांब की आखूड हे अक्षरगटाची सीमा सांगते, आपल्यासारखी ऱ्हस्व-दीर्घाची पाठांतरं नकोत.

पण जोडशब्द आला की हे सगळे नियम दाराबाहेर चपला काढून उभे राहतात. तिथे पहिला नियम एकच: शब्द जिथे जोडला तिथेच तोडायचा. म्हणजे आधी अर्थ, मग आवाज.

रोजचं उदाहरण घेऊ. 'आव्हॉन्ड' म्हणजे संध्याकाळ, 'एटन' म्हणजे खाणं, दोन्ही मिळून रात्रीचं जेवण. साधा नियम लावला तर एन आणि डी यांच्यामध्ये सुरी पडते आणि 'आव्हॉन-डेटन' असं काहीतरी हातात येतं, ज्याला काही अर्थ नाही. खरी जोड डीच्या नंतर आहे. आणि मजा पुढेच आहे. डचमध्ये शब्दाच्या शेवटी आलेला 'ड' हा 'ट' होतो. लिहिताना डी, बोलताना 'ट'. म्हणून कुत्रा 'होन्ट', पण अनेक कुत्रे 'होन्-डन', कारण तिथे प्रत्यय लागल्यावर 'ड' पुढच्या मुठीत सरकला आणि वाचला. जोडशब्दात मात्र 'एटन' हा स्वतंत्र शब्द आहे. तो स्वराने सुरू होत असला तरी मागच्या घरातलं व्यंजन ओढून नेत नाही. म्हणून जेवण 'आव्हॉन्ट-एटन' आणि अनेक संध्याकाळी 'आव्हॉन-डन'. लिहिलेला डी दोन्हीकडे तोच. शेजारी स्वर आहे एवढं बघून भागत नाही, तो स्वर कोणाचा आहे ते बघावं लागतं!

उलटाही प्रकार होतो. 'झाक' म्हणजे खिसा, 'डूक' म्हणजे कापड. खिशातलं कापड म्हणजे रुमाल. लिहितात के, पण पुढच्या 'ड'च्या संगतीने बोलताना तो मऊ होतो: 'झाग-डूक'. हा आपला साधा 'ग' डचच्या मूळ शब्दांमध्ये एरवी औषधालाही सापडत नाही (जी या अक्षराचा उच्चार घशातला), तो असा दोन शब्दांच्या सांध्यात दिसतो. संस्कृतच्या तासाला 'वाक् + देवी = वाग्देवी' घोकलेल्यांना हे लगेच ओळखीचं वाटेल.

आता लेखाच्या नावाकडे. डचमध्ये एक शब्द आहे. तो 'मासाझे' अधिक 'बेट' असा तोडला तर होतो मसाजचा पलंग. आणि 'मासा' अधिक 'खेबेट' असा तोडला तर होते सामुदायिक प्रार्थना! अक्षरं तीच, क्रम तोच. पण तोड दोन अक्षरं अलीकडे सरकली की मधल्या जीचा 'झ' असतो त्याचा घशातला 'ख' होतो, आघात बदलतो आणि माणूस पलंगावरून उठून थेट देवळात जातो. (मी पूर्ण प्रोजेक्टमध्ये हे एकच उदाहरण दिलं असतं तरी चाललं असतं, असं माझा पार्टनर अजून म्हणतो.)

अशी जोडपी डचमध्ये पुष्कळ आहेत. एका ठिकाणी तोडला तर सापळ्याचा खड्डा, एक व्यंजन पुढे तोडला तर ससाणा-घुबड. एकीकडे पाव फेरे, दुसरीकडे क्वार्ट्झचे थर. एक शब्द मात्र हसून सोडून देता येत नाही. 'डेइक-राम्प' म्हणजे बांध फुटण्याचं संकट. 'डेइ-क्राम्प' असा तोडला तर मांडीत आलेला पेटका! ज्या देशाने १ फेब्रुवारी १९५३च्या पहाटे बांध फुटून १८३६ माणसं गमावली, आणि मग पुढची कित्येक वर्षं डेल्टा वर्क्स बांधण्यात घालवली (सिव्हिलवाल्यांनो, तुमच्या पुस्तकात आहे ते), त्या देशात हा शब्द वाचताना कुणी पेटक्यावर थांबत नाही. वाचणाऱ्याच्या मनात बांध आधीच असतो. नियम काही सांगत नाही, आठवण सांगते.

आणि लांबीचं काय विचारता! लहान मुलांच्या कार्निव्हल मिरवणुकीच्या पूर्वतयारीची कामं, एवढ्या सगळ्याला डचमध्ये ४९ अक्षरांचा एकच शब्द करता येतो. भीतीने फोडलेल्या किंकाळीच्या शब्दात तर सलग आठ व्यंजनं लिहितात. आपल्या 'कार्त्स्न्य'ला त्याच्यापुढे लाजायला होईल. पण 'आंग्स्ट' म्हणजे भीती आणि 'स्ख्रेउ' म्हणजे किंकाळी एवढं कळलं की त्या आठांचे दोन ढीग होतात आणि श्वास घ्यायला जागा मिळते. शिवाय ही माणसं गरज पडली की नवीन जोडशब्द पाडतात. २०२० साली व्हान डाले शब्दकोशाचा वर्षाचा शब्द होता 'आंडरहाल्व्हे-मेटर-सामन-लेव्हिंग', म्हणजे दीड मीटर अंतरावरचा समाज. २०१९च्या कुठल्या शब्दकोशात तो कसा असणार? म्हणून सगळे शब्द एकदा तोडून फाईलमध्ये ठेवले आणि झालं, असं होत नाही.

आता प्रोजेक्ट. मला ताईसाठी एक छोटा प्रोग्रॅम हवा होता: लांब डच शब्द टाकला की जोड दाखवायची आणि उच्चार सांगायचा. पहिल्या आठवड्यात साधे नियम लिहिले. प्रोग्रॅमने पहिलाच शब्द 'हाउ-सार्ट' असा तोडला. हुबेहूब ताईसारखा! त्या दिवशी मला ताईचं काहीच चुकलं नव्हतं हे कळलं. तिने नियमच पाळला होता.

मग फ्रँक लिआंगची पद्धत वाचली. १९८३ साली, स्टॅनफर्डमध्ये, डोनाल्ड क्नूथ यांच्या हाताखाली त्याने ओळीच्या शेवटी इंग्रजी शब्द कुठे तोडावा यावर पीएचडी केली. (आपण टेकमध्ये रिपोर्ट टाईप करतो तेव्हा आतून हीच पद्धत चालते.) अक्षरांचे छोटे नमुने आणि त्यांच्या मध्ये आकडे. विषम आकडा म्हणजे इथे तोड, सम म्हणजे खबरदार. दोन नमुन्यांचं भांडण झालं तर मोठा आकडा जिंकतो. अवघ्या ४४४७ नमुन्यांमध्ये शब्दकोशातल्या ८९ टक्के तोडी सापडतात, आणि चुकीची तोड जवळपास नाहीच. बुद्धी बघा! डचसाठीही असे नमुने आहेत आणि चांगले आहेत. पण नमुन्याला मसाज आणि प्रार्थना यातला फरक कळत नाही. तो फक्त शेजारची अक्षरं बघतो.

शेवटी शब्दांची यादी घेतली, लांब शब्दाची प्रत्येक शक्य फोड करून बघितली, दोन्ही बाजूला खरे शब्द उरतात का ते तपासलं. डायनॅमिक प्रोग्रॅमिंग, आपलं नेहमीचंच. मध्ये जोडाला लागणारे 'एस' आणि 'एन' सांभाळले. आणि एक भलतीच गंमत सापडली: डचमध्ये काही शब्द तोडले की त्यांचं स्पेलिंगच बदलतं. आजीला लाडाने 'ओमाट्ये' म्हणतात, लिहिताना ए दोनदा. पण ओळीच्या शेवटी 'ओमा' आणि 'ट्ये' असं तोडलं की त्यातला एक ए गायब! मूठ उघडली ना, मग दुसऱ्या एची गरज काय. तसंच, दोन स्वर वेगळे वाचावेत म्हणून डोक्यावर दिलेले दोन ठिपके त्या जागी तोडल्यावर काढून टाकतात. म्हणजे तोडणं ही नुसती कात्री नाही, तोडल्यावर शिलाईही उसवून दाखवावी लागते. या एका गोष्टीने माझी तीन रात्रींची झोप खाल्ली.

तर व्हायवा. परीक्षकांनी रिपोर्ट चाळला आणि म्हणाले, "हे सगळं ठीक आहे, पण यात इंजिनिअरिंग कुठे आहे? हा तर आर्ट्सचा विषय झाला." मी मनात म्हटलं, सर, आर्ट्स म्हणजे तिकडे डॉक्टर! पण तोंडाने म्हणायची हिंमत झाली नाही. मग दुसरा प्रश्न: "आणि आता तर हे एआय चुटकीसरशी करतं. तुम्ही कशाला केलंत?"

तिथे मी काय उत्तर दिलं ते सोडा, घाबरून दिलेलं उत्तर होतं. द्यायला हवं होतं ते इथे देतो. संपादकांनी दोन पानं दिली आहेतच.

पहिलं म्हणजे, ज्या ॲमस्टरडॅमच्या गणित केंद्रात १९५२ ते १९६२ ही वर्षं आपले बांधकर, म्हणजे डेइक्स्ट्रा, कामाला होते, तिथेच ह्यूगो ब्रांट कॉर्स्टियस नावाच्या गणितज्ञाने साठच्या दशकात संगणकाकडून डच शब्दांचे तुकडे करून घेतले. १९७०च्या त्याच्या प्रबंधात ते काम आहे. हाच माणूस पुढे 'बाटुस' या टोपणनावाने १९८१ साली भाषेच्या कसरतींवर जाडजूड पुस्तक लिहितो आणि लेखक म्हणून गाजतो. त्याला कुणी विचारलं असेल का, तू नक्की कोणत्या ब्रँचचा?

दुसरं, एआयचं. आजची मोठी भाषा-मॉडेलं पूर्ण वाक्य दिलं तर मसाज की प्रार्थना हे बऱ्याचदा बरोबर सांगतात, मी करून बघितलंय. पण का सांगतात? कारण त्यांच्यासमोर आजूबाजूचं वाक्य असतं आणि पोटात कोट्यवधी वाक्यं असतात. म्हणजे त्यांनीही शेवटी अर्थाच्या बाजूनेच वाट काढली. नुसता एकटा शब्द समोर असेल, दारावरच्या पाटीसारखा, तर कुणालाच खात्रीने सांगता येणार नाही. अशा वेळी प्रोग्रॅमने काय करावं हा माझ्या मते शंभर टक्के इंजिनिअरिंगचा प्रश्न आहे. माझा प्रोग्रॅम तिथे अंदाज ठोकत नाही. दोन्ही फोडी, दोन्ही उच्चार दाखवतो आणि विचारतो: यातला कोणता? परीक्षकांनी याला 'अपूर्ण आउटपुट' म्हणून मार्क कापले. मला अजूनही तो प्रोग्रॅमचा सगळ्यात चांगला भाग वाटतो. चुकीची तोड बिनधास्त सांगणाऱ्या यंत्रापेक्षा 'तुम्हीच सांगा' म्हणणारं यंत्र ताईला त्या रात्री जास्त उपयोगी पडलं असतं.

आणि तिसरं, ज्यांना वाटतं की ही परदेशी भाषेची खोड आहे त्यांनी 'केशवपन' हा शब्द आपल्या फर्स्ट इयरच्या मुलांना मोठ्याने वाचायला लावावा. मी दहा जणांना लावला. सहा जणांनी 'केशव-पन' वाचला! (एकाने तर हे कुठल्या गावाचं नाव का म्हणून विचारलं.) 'जलसाठा'मध्ये जलसा आहे, 'घरटंचाई'मध्ये घरटं आहे. 'केश' आणि 'वपन' यांच्यामध्ये आपण न लिहिता एक छोटासा थांबा घेतो, 'श'मधला 'अ' गिळतो आणि 'व'मधला नीट म्हणतो. हे आपल्याला कुणी शिकवलं? कुणीच नाही. मग वाचून दाखवणाऱ्या फोनला तरी कोण शिकवणार? मराठी ज्यांची मातृभाषा आहे आणि ज्यांना डायनॅमिक प्रोग्रॅमिंगही येतं असे लोक आपल्याच हॉस्टेलमध्ये राहतात, आणि त्यांना सांगितलं जातं की हा आर्ट्सचा विषय आहे. मला राग मार्कांचा नाही, याचा आहे.

असो. प्रोजेक्ट पास झालं. ताई तो प्रोग्रॅम मोबाईलवर वापरते. नागरिकत्वासाठी द्याव्या लागणाऱ्या भाषेच्या परीक्षेची तयारी चाललीय, आणि त्या परीक्षेचं नावसुद्धा अर्थातच एक लांबलचक जोडशब्द आहे. तिने तो पहिल्या झटक्यात बरोबर तोडला आणि मला व्हॉइस मेसेज पाठवला.

भाचा आता तिथल्या शाळेत जातो. तिकडे लहान मुलांना शब्द म्हणत टाळ्या वाजवायला लावतात, एका मुठीला एक टाळी. परवा व्हिडिओ कॉलवर मी ऐटीत म्हणालो, "मामाला पण येतं बरं का! झाक-डूक!" टाळ्याही दोन वाजवल्या. त्याने माझ्याकडे अशा काही नजरेने बघितलं की व्हायवाचे परीक्षक परवडले.

"मामा," तो म्हणाला, "झाग-डूक!"